सोन्याखालची धूळ

क्ष-किरण साध्या आरशावरून परतत नाहीत, आत शिरतात. पृष्ठभागाला जेमतेम घासून गेले, कोन अगदी लहान ठेवला, तरच ते वळतात. म्हणून क्ष-किरण दुर्बिणींचे असे आरसे शंकूच्या आकाराचे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक बसवलेले असतात. २०१५ साली सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहाच्या क्ष-किरण दुर्बिणीत असे ३२० आरसे आहेत. ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले.

मी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत त्याच पद्धतीने आरसे करत होतो. काचेच्या साच्यावर निर्वात कक्षात सोन्याचा पातळ थर चढवायचा. आकार दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर इपॉक्सी फवारायचं. निर्वातातच दोन्ही एकमेकांवर टेकवायचे, भट्टीत इपॉक्सी कडक होऊ द्यायचं, मग पत्रा सोडवायचा. सोनं काच सोडून पत्र्याबरोबर येतं, आणि काचेचा गुळगुळीतपणाही घेऊन येतं.

सुरुवातीचे आरसे समोरून लखलखीत दिसले. चाचणीत मात्र किरणांचा ठिपका पसरला. सगळ्यांचा संशय सोन्यावर गेला. थराची जाडी बदलून पाहिली, काही फरक पडला नाही. त्या दिवसांत प्रयोगशाळेत जायचंही जिवावर यायचं.

मग एका संध्याकाळी आरसा तिरका धरून त्यात ट्यूबलाइट पाहिली. तिची सरळ रेघ मधेच मोडत होती. तिथे भिंगाखाली बारीक उंचवटे दिसले. फवारणीचं टेबल आणि निर्वात कक्ष यांच्यामध्ये पत्रा उघड्यावरून जायचा. तेवढ्यात ओल्या इपॉक्सीवर धूळ बसायची.

टेबल कक्षाला लागून हलवलं, वर गाळलेल्या हवेचा पडदा बसवला. पत्रा टेकवण्याआधी इपॉक्सीतली हवा जास्त वेळ काढून घेऊ लागलो. भट्टीचं तापमान कमी ठेवून वेळ वाढवला, तेव्हा पत्रा पिळवटायचाही थांबला. सोडवताना माझा हात कापायचा. आमचे सर म्हणायचे, “ओढू नकोस. कडेपासून सावकाश उचल.” पुढच्या चाचणीत ठिपका आवळला, तेव्हा कुठे मला नीट झोप लागली.

हे काम नव्याने करणाऱ्यांना एवढंच सांगतो: ठिपका पसरला तर सोन्याला हात लावण्याआधी धूळ, हवा आणि भट्टी तपासा. आणि प्रत्येक आरसा तिरका धरून ट्यूबलाइटखाली पाहा. त्याला पैसे पडत नाहीत, पण महागड्या चाचणीचा वेळ वाचतो.