चार भावंडं

यीस्टचे बीजाणू सुटे करायला हात स्थिर लागतो. नत्र काढून घेतलेल्या माध्यमावर काही दिवस उपाशी ठेवलं, की यीस्टची द्विगुणित पेशी अर्धसूत्री विभाजन करते आणि चार बीजाणू एकाच पिशवीत बांधून ठेवते. एन्झाइमनं पिशवीची भिंत सैल करायची आणि मायक्रोस्कोपखाली काचेच्या बारीक सुईनं एकेक बीजाणू उचलून अगारवर ओळीत मांडायचा. सुई टोचत नाही. अगारवरच्या ओलाव्यात बीजाणू तिला आपसूक चिकटतो. तो सोडवायला हलकी टिचकी पुरते. १९३०च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ओइविंद विंगे हेच काम करत होते.

३० अंशांवर दोन-तीन दिवसांत कॉलनी दिसतात. एका जनुकाची दोन रूपं एकत्र आणली असतील, तर चार भावंडांत दोघं एका रूपाची, दोघं दुसऱ्याची. मेंडेलला हजारो वाटाणे मोजून सरासरीत प्रमाण मिळालं. इथे ते एकेका कुटुंबात नेमकं उभं असतं.

आणि कधीतरी तीनास एक येतं. नवी मुलं अशी ओळ सरमिसळ समजून वहीतून खोडायला निघतात. मी खोडू देत नाही. कार्ल लिंडेग्रेन यांनी अशी प्रमाणं नोंदवली तेव्हा त्यांच्यावरही शंका घेतली गेली. पण ती खरीच होती. विभाजनाच्या वेळी डीएनए तुटतो, पेशी जोडीदार गुणसूत्राकडे बघून तुटलेला भाग नव्यानं लिहिते, आणि त्या लिहिण्यात एक रूप दुसऱ्याची जागा घेतं. हजारो बीजाणू एकाच नळीत कालवले असते, तर तीनास एक आणि एकास तीन एकमेकांना फेडून गेले असते आणि कुणाला काही कळलंच नसतं. भावंडं एकत्र राहिली म्हणून कळलं.

तुटलेल्या डीएनएच्या या दुरुस्तीचं प्रारूप १९८३ मध्ये शोस्टाक, ऑर-वीव्हर, रॉथस्टीन आणि स्टाल यांनी मांडलं, तेही मुख्यतः यीस्टच्याच पुराव्यावर. आज यीस्टमध्ये जनुक बदलायचं तर आम्ही हीच दुरुस्ती कामाला लावतो. हव्या त्या डीएनएच्या दोन्ही टोकांना नेमक्या जागेशी जुळणारी चाळीस-पन्नास अक्षरं जोडून द्यायची. तुकडा तिथेच बसवण्याचं काम पेशी स्वतः करते.