गाणारे स्वामीजी आणि आमचे उस्ताद



फौजेत बऱ्याच युनिटांच्या ट्रेनिंग रूममध्ये विवेकानंदांचा एक फोटो असतो. हाताची घडी, डोक्याला फेटा, रोखलेली नजर. आम्हा जवानांना तो आवडतो, कारण स्वामीजी त्यात परेडला उभे असल्यासारखे दिसतात. पण माझ्या जशा बदल्या होत गेल्या तसे मला वेगळेच स्वामीजी भेटत गेले. या स्वामीजींच्या मांडीवर तंबोरा होता आणि पोटात भूक होती.

त्यांची आणि रामकृष्णांची पहिली भेट 1881 साली झाली तीच गाण्यामुळे. एका भक्ताच्या घरी रामकृष्ण आले होते, गायला कुणी नव्हतं, म्हणून शेजारच्या नरेंद्रला बोलावून आणलं. धृपद अंगाचा गळा, पखवाजावरही हात चालायचा. पुढं 1887 मध्ये ‘संगीत कल्पतरू’ नावाचा गाण्यांचा मोठा संग्रह निघाला, त्यावर संपादक म्हणून नरेंद्रनाथ दत्त हे नाव आहे. वय होतं चोवीस. रामकृष्ण मठात रोज संध्याकाळी जी आरती होते ती त्यांनीच रचलेली. आमच्याकडं कीर्तनकार बुवा असतात तसंच म्हणा ना. ध्यान आणि गाणं या माणसानं कधी वेगळं केलं नाही. रामकृष्णांना तर त्याचं गाणं ऐकता ऐकता समाधी लागायची.

1890 साली हा गाणारा संन्यासी पायी कुमाऊँत आला. काठगोदामहून अल्मोड्याला चढताना वाटेत काकडीघाट लागतो. खाली कोसी नदी, काठावर पिंपळ. त्या झाडाखाली स्वामीजी ध्यानाला बसले आणि अणूत आणि ब्रह्मांडात एकच रचना आहे असा काहीसा अनुभव त्यांना आला. तो त्यांनी वहीत टिपून ठेवला. आमची गाडी तिथं चहाला थांबायची. मोठ्या अनुभवाच्या जागा अशा साध्याच असतात, एक नदी, एक झाड, पलीकडं मॅगी विकणारा.

पण मला त्याच्या पुढचा प्रसंग जास्त मोठा वाटतो. अल्मोडा जवळ आलं आणि उपाशीपोटी चढून चढून स्वामीजी कोसळले. सोबतचे गुरुबंधू अखंडानंद पाणी आणायला गेले. समोर मुसलमानांचं कबरस्तान, तिथल्या झोपडीत एक फकीर राहत होता. त्याच्याकडं काय असणार? एक काकडी होती, ती त्यानं आणून दिली. स्वामीजी नंतर सांगत, इतक्या थकव्यानं मी कधी गेलो नव्हतो, त्या माणसानं मला वाचवलं. सात वर्षांनी ते अल्मोड्याला परत आले तेव्हा जगभर नाव झालेलं. स्वागताला ही गर्दी. त्या गर्दीत त्यांनी त्या फकिराला ओळखलं. फकिराला मात्र हे कोण ते आठवत नव्हतं.

डोंगरात लाईन टाकताना भुकेनं पाय लटपटणं काय असतं ते आम्हा सिग्नलवाल्यांना माहीत आहे. अशा वेळी समोरचा काय देतो एवढंच दिसतं, देणारा कोण ते दिसत नाही.

पुढची पोस्टिंग राजस्थानात अलवरला, इटाराणा छावणीत. स्वामीजी 1891 च्या सुरुवातीला अलवरला आले तेव्हा तिथल्या बंगाली डॉक्टरनं आपल्या मुसलमान मित्राला निरोप धाडला, की एक बंगाली दरवेश आलाय, चल. हे मित्र म्हणजे हायस्कुलात उर्दू-फारसी शिकवणारे मौलवी. मग रोज बैठक बसू लागली. स्वामीजी उर्दू, हिंदी, बंगाली पदं गायचे, मध्येच कुराणावर बोलायचे, मध्येच उपनिषदावर. ऐकणाऱ्यांत दोन्हीकडचे लोक. मौलवींना वाटलं, या माणसाला एकदा घरी जेवू घालावं. पण काळ कसला! त्यांनी स्वामीजींच्या यजमान पंडितजींपुढं हात जोडून सांगितलं, की बैठकीची खोली ब्राह्मणांकडून धुऊन घेतो, भांडी ब्राह्मणाच्या घरची, आचारी ब्राह्मण, मी फक्त लांबून बघेन. पंडितजी ओशाळले, म्हणाले, एवढं कशाला, मीसुद्धा येऊन जेवेन. स्वामीजी गेले आणि जेवले.

हे वाचलं तेव्हा मला आमचे उस्ताद आठवले. मुरादाबादचे हवालदार, माझ्याहून चार वर्षांनी सीनियर, म्हणून मी त्यांना उस्तादच म्हणायचो. मंदिर परेडला ढोलकी त्यांच्याकडं, कारण युनिटमध्ये त्यांच्याइतका ताल कुणाचा नव्हता. पंडितजींनी आरती धरली की उस्ताद डोळे मिटून घ्यायचे. ईदला आम्ही सगळे सर्व धर्म स्थळात त्यांच्यामागं उभे. फौजेत याला कुणी मैत्री वगैरे म्हणत नाही, रोजचं कामच असतं ते. मैत्री मला कळली ती सुट्टीवर जाताना त्यांच्या घरी उतरलो तेव्हा. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, मी माळकरी, मांसाहार वर्ज्य. उस्तादांनी घरी आधीच कळवलं होतं. अम्मींनी माझ्यासाठी नवं पितळी पातेलं आणलेलं, त्याला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. आलू-मेथी, रोटी, दही. जेवण होईपर्यंत अम्मी दाराशी उभ्या राहिल्या. मी दुसऱ्यांदा भाजी मागितली तेव्हा कुठं त्या खाली बसल्या.

बेळगावला मी ज्युनिअर लीडर्सच्या कोर्सला होतो. एका रविवारी रिसालदार गल्लीत गेलो. 1892 च्या ऑक्टोबरात कोल्हापूरहून आलेले स्वामीजी तिथं भाटे वकिलांकडं उतरले होते. त्या घरच्या आठवणी भाट्यांच्या मुलानं लिहून ठेवल्यात, मला त्या फार आवडतात, कारण त्यात भक्तीचा लेप नाही. जेवणानंतर स्वामीजींनी विडा मागितला आणि वर तंबाखू. सोवळ्यातलं मराठी घर बघतच राहिलं! मग कुणीतरी विचारलं, परधर्मीयांच्या हातचं घेता का? त्यांनी सरळ सांगितलं, की मुसलमानांच्या घरचं अन्न मी अनेकदा खाल्लं आहे. त्याच्या आदल्या वर्षी अबूच्या पहाडावरही हाच प्रश्न आला होता. तिथं ते एका मुसलमान वकिलाच्या बंगल्यात राहत होते. खेत्रीच्या राजांचे मुन्शी आले आणि विचारते झाले, हिंदू संन्यासी असून इथं कसे? स्वामीजी तिथं मात्र चिडले होते. संन्यासी तुमच्या चालीरीतींच्या पलीकडचा असतो, असं त्यांनी सुनावलं.

रिटायर होऊन गावी आलो. पारावर गप्पा निघाल्या, मुरादाबादचं जेवण मी सांगितलं. नात्यातले एक वडीलधारे होते, माझ्या माळेकडं बघून म्हणाले, “ही घालून त्यांच्यात जेवलास?” आता काळ बदललाय, मोबाईलवर दिवसभर काय काय येत असतं, हा प्रश्न पूर्वी त्यांनी विचारला नसता. मी त्यांना बेळगावची हकीकत सांगितली.

ते म्हणाले, “अरे, ते विवेकानंद होते. त्यांचं चालतं.”

मी म्हटलं, “तात्या, शिकागो 1893 चं. बेळगावला आले तेव्हा त्यांना कोण ओळखत होतं? तंबाखू मागणारा एक अनोळखी बैरागी होता तो.”

तात्या थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चंचीतून तंबाखू काढली, मळली, चिमूटभर माझ्यापुढं धरली आणि विचारलं, “त्या बाईनं भाजी कसली केली होती म्हणालास?”