फराळाला या हं!

दिवाळीच्या चार दिवसांत “फराळाला या हं!” हे शब्द जिन्यात, फुलवाल्यापाशी, दुधाच्या रांगेत किती वेळा कानांवर पडतात, ते मोजायला बसलं तर हातापायांची बोटं पुरायची नाहीत. म्हणणारा हसून म्हणतो, ऐकणारा “हो हो, येतो ना!” म्हणतो, आणि त्याच क्षणी म्हणणाऱ्याच्या घरातली बाई मनातल्या मनात बशा मोजू लागते. ती बशा मोजणारी बाई म्हणजे मी. लग्नानंतरच्या पहिल्या पंधरा दिवाळ्या मी नुसत्या बशाच मोजल्या.

१९७९ साली लग्न होऊन मी गिरगावातल्या चाळीत आले. दोन खोल्या, पुढं लांबलचक गॅलरी, आणि घरात सासूबाई. त्यांचा फराळ चाळीत नावाजलेला. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, अंगठ्यानं कारीट फोडणं हे सगळं उजाडायच्या आत उरकायचं. घरच्यांचा फराळ झाला की नऊच्या ठोक्याला पाहुण्यांच्या बशा तयार हव्यात. बशीत नऊ जिन्नस: चकली, कडबोळी, शेव, चिवडा, बेसनाचा लाडू, रव्याचा लाडू, करंजी, शंकरपाळी आणि अनारसा. आठ झाले तर पाहुण्याचा अपमान, आणि चकली डावीकडून उजवीकडे गेली तर घराण्याचा!

त्यापायी पंधरा दिवस आधीपासून घरात रणधुमाळी. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून फडक्यावर पसरायचे, ओलसर असतानाच कुटायचे आणि गुळात मळून ठेवायचे. एवढं करूनही तुपात सोडल्यावर अनारसा हसला, की सासूबाई रडवेल्या होत. चकलीच्या भाजणीला किलोभर तांदूळ, अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो उडदाची, वर धने-जिरे. पण प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं. मोहन जास्त झालं की चकली कढईत विरघळते, कमी झालं की दातांचा अंत पाहते. माहेरून मी कमलाबाई ओगल्यांचं १९७० साली निघालेलं ‘रुचिरा’ आणलं होतं. त्यातलं माप वाचून दाखवलं, तर सासूबाई म्हणाल्या, “पुस्तकातल्या वाटीला हात नसतो, सूनबाई.” मी पुस्तक मिटलं.

घरातली पुरुषमंडळी या वेळी काय करीत होती, असं तुम्ही विचाराल. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी पुरुषाला या कामातून अंग काढून घ्यायला एक सभ्य निमित्त मिळालं आहे. आमचे ‘हे’ अंक छातीवर ठेवून आडवे होत, आणि मधूनच “वास छान सुटलाय” असं उत्तेजन देत.

पाहुणे येत, खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसत, “कशाला एवढं!” म्हणत. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून कुणाच्या बशीत काय उरलं ते पाहत. मी चहाचे कप धुऊन पुन्हा भरी. कुणी “तुम्हीही बसा ना” म्हटलं, की आम्ही दोघी एका सुरात म्हणत असू, “आमचं काय, नंतर होईल.” ते ‘नंतर’ दुपारी दोनला यायचं. तोवर तळणाच्या वासानं भूक मेलेली असे. मग माझ्या मनात यायचं, की या बाईला माणसं नकोतच, नुसती वाहवा हवी आहे.

१९९४ च्या श्रावणात सासूबाई गेल्या. वर्षाच्या आत सण करायचा नसतो. कंदील नाही, रांगोळी नाही, कढई चढवायची नाही. खरं सांगते, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. आणि तसं वाटलं, याची मग इतकी लाज वाटली, की कुणाशी धड बोलवेना.

नरकचतुर्दशी उजाडली. शेजारच्या रेडिओवर कीर्तन चाललं होतं. आमच्या घरात धाकटे भावजी, वन्सं, हे आणि मी, सगळे नुसते बसून होतो. साडेनऊच्या सुमारास समोरच्या काकू डबा घेऊन आल्या. सण नसलेल्या घरी शेजाऱ्यांनी फराळ द्यायचा, ही आपली रीतच आहे. पण बहुधा डबा दारात देऊन माणूस वळतो. काकू आत आल्या आणि खाली फरशीवरच बसल्या. त्यांच्यामागून कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी आल्या, वरच्या मजल्यावरची दोन बिऱ्हाडं आली. मी बशा काढायला उठले, तर काकूंनी वर्तमानपत्र पसरून त्यावर डबाच उपडा केला. तीन घरांचा चिवडा एकमेकांत मिसळला. मी मोठ्या पातेल्यात चहा टाकला आणि कितीतरी वर्षांनी पाहुण्यांबरोबर खाली बसले.

खाता खाता वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी सहज विचारलं, “तुमच्या सासूबाईंना यातलं काय आवडायचं हो?”

हे म्हणाले, “बेसनाचा लाडू.” भावजी म्हणाले, “छे, अनारसा!” वन्सं म्हणाल्या, “लाडू दादाला आवडतो आणि अनारसा तुला. आईला काय आवडायचं ते...” आणि त्या थांबल्या. तीन मुलं आणि एक सून, चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा समोरच्या काकू हळूच म्हणाल्या, “त्यांना माझी मऊ पडलेली चकली आवडायची, चहात बुडवून. पाडव्याला दुपारी तुम्ही सगळे निजलात की यायच्या, उंबऱ्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, ‘आमच्याकडे मऊ चकली मिळत नाही हो, सगळ्या कुरकुरीत!’”

सगळी मंडळी हसली. मीही हसले आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. पंधरा वर्षं एका ओट्याशी उभ्या राहून मला जे दिसलं नव्हतं, ते समोरच्या उंबऱ्यावर दिसत होतं. वाहवा त्यांना हवी असेल, नसेल. पण वर्षातून एकदा कुणीतरी आपल्याला ‘बसा’ म्हणावं, हेही हवं होतं. मी ते कधी म्हटलं नव्हतं. त्यांनीही मला म्हटलं नाही, कारण त्यांना तसं कुणी म्हटलं नसावं.

पुढल्या वर्षी पुन्हा कढई चढली, पण मी नियम बदलले. घरी चारच जिन्नस करायचे. बाकी ज्यानं त्यानं एकेक आणायचा. बशांचा ढीग मधोमध, हवं ते हातानं घ्या. वेळ दहापासून कंटाळा येईपर्यंत. पहिल्या वर्षी चार घरांनी चिवडाच आणला आणि लाडू औषधालाही नव्हता! तरी कुणाचं काही अडलं नाही. गोडानं तोंड मिटलं की अकराला वन्सं पोहे करतात. त्यांचं सासर रत्नागिरीकडचं. कोकणात आणि गोव्यात या सकाळी पोह्यांचाच मान: दूधपोहे, दहीपोहे, गूळपोहे. त्या दिवशी दुपारचा स्वयंपाक नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम, घरच्या बाईनं बसायचं.

२००८ साली चाळ पाडली, आम्ही डोंबिवलीला आलो. आता माझी सून चकल्या विकत आणते. त्या नको इतक्या कुरकुरीत असतात, पण मी काही बोलत नाही. गेल्या वर्षी चहा गरम करायला सवयीनं उठले, तर तिनं माझा पदर धरून खाली बसवलं. “बसा हो आई, मी आणते.” चहा घेऊन आल्यावर मी तिचाही हात धरला आणि तिलाही बसवलं.

एक गोष्ट मात्र मी कुणाला न सांगता करते. आदल्या रात्री एक चकली डब्याबाहेर ठेवते. सकाळपर्यंत ती छान मऊ पडते. देवापुढच्या नैवेद्याशेजारी ती चकली आणि अर्धा कप चहा ठेवते, आणि मनात म्हणते, “बसा.”

तर मंडळी, फराळाला या हं! बशा मोजलेल्या नाहीत.