वाडीतली फुले, वेदीपाशी

आईला जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सासाठी मी बाजारातून जरबेरा आणि कार्नेशनची फुले आणली व हिरव्या स्पंजात एकसारख्या उंचीने खोचली. सजावट नेटकी दिसली. पण वसईच्या वाडीत आयुष्य घालवलेल्या आईची एकही खूण तिच्यात नव्हती.

कोमेजलेली फुले सवयीने माडाच्या आळ्यात टाकली, सोबत तो स्पंजही. फुलांची माती झाली. स्पंजाचा हिरवा भुगा मात्र पुढचा पावसाळा लागला तरी तसाच राहिला. तो प्लास्टिकचाच प्रकार, कुजत नाही, हे मला नंतर कळले. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तो वर्ज्य केला आहे.

आई पहाटेच फांद्या कापी. देठाला तिरका छेद देई, पाण्याखाली येणारी पाने काढी आणि सारे काही तास सावलीत बादलीभर पाण्यात ठेवी. मग पितळी कळशीत तारेची जाळी चुरगाळून बसवी. आधी क्रोटन, मग उंच कर्दळ, काठावरून ओघळणारी वेल. कळ्या वर, उमललेली फुले खाली. “झाडावर जसं वाकतं तसंच वाकू दे गं,” ती म्हणे, “दोन फुलांमधून वारा गेला पाहिजे.”

इंग्लंडमध्ये कॉन्स्टन्स स्प्राय (१८८६–१९६०) यांनी कुंपणावरच्या वेली, बोंडे, अगदी भाजीची पानेही फुलदाणीत मांडली. आईने त्यांचे नावही ऐकले नव्हते. तिला ठाऊक होती ती देवळाची शिस्त: फुले वेदीवर नव्हे, वेदीभोवती, आगमनकाळात बेताने, उपवासकाळात, चौथा रविवार व मोठे सण वगळता, मुळीच नाहीत. मिस्साग्रंथाच्या प्रास्ताविकातही हेच सांगितले आहे. त्या चाळीस दिवसांत आमच्या घरातली कळशीही पालथी असे.

तिच्या पहिल्या स्मृतिदिनाचा मिस्सा ऑगस्टमध्ये, स्वर्गोन्नयनाच्या सणानंतर आला. मी तीच कळशी काढली. तगर, कर्दळ आणि सोनटक्का. हात कापत होते. मांडणी एका बाजूला कलली. सरळ करायला गेले आणि थांबले. वाडीतला सोनटक्काही तसाच कलतो. मिस्सा सुरू होईपर्यंत देऊळ त्याच्या वासाने भरून गेले होते.

दुसऱ्या दिवशी तो मलूल झाला. माडाच्या आळ्यात ठेवायला गेले, तेव्हा मातीत हिरवा भुगा अजून दिसत होता. आधी तो वेचून काढला. मग फुले ठेवली.