गॅलरीतली काचेची टाकी

डोंबिवली

चि. सोनू,


परवा व्हिडिओ कॉलवर तू दुकानातला तो पिवळा बॉक्सफिश दाखवलास आणि मी गप्प झाले. तुला वाटलं, नेटवर्क गेलं. तसं नव्हतं, मला बोलवेना. लहानपणी तू नेहमी विचारायचास की गॅलरीतल्या काचेच्या टाकीत मावशी कोरफड का लावते, आणि ती भंगारात का देत नाही. आज सांगते.

2005 साली आम्ही त्या टाकीत असाच एक मासा आणला. त्याच वर्षी मर्सिडीजने या माशाच्या आकारावरून एक गाडी बनवून दाखवली होती. काकांनी पेपरातला तिचा फोटो कापून ठेवला होता. मासा होता केवढा, तर सापशिडीच्या फाशाएवढा. चौकोनी, हळदीसारखा पिवळा, अंगभर काळे ठिपके. आम्ही त्याला फासाच म्हणायचो. त्याला इतर माशांसारखं अंग वळवता यायचं नाही, कारण कातडीखाली षट्कोनी तुकड्यांची, मधाच्या पोळ्यासारखी जुळलेली कडक पेटी असते. बाहेर येतात ते फक्त डोळे, तोंड, पर आणि शेपूट. इवलेसे पर भरभर हलवत तो जागच्या जागी गिरकी घ्यायचा. मी ऑफिसातून आले की काचेशी यायचा. ओला जवळा बारीक चिरून टाकला की तो वाळूत पडायचा; मग हा तोंडाचा चंबू करून पाण्याची फुंकर मारायचा, वाळू उडायची आणि खालचा तुकडा उचलायचा. ते बघत मी चहा गार करायची.

त्या दिवाळीच्या आधी भिंतीला रंग द्यायचा होता, म्हणून टाकी हलवायला काढली. तू ज्यांना निमो म्हणायचास ते दोन क्लाऊनफिश आणि निळी डॅमसेल पटकन सापडले, बादलीत गेले. फासा दगडामागे शिरला. मी जाळी घेऊन दहा मिनिटं त्याच्या मागे लागले. शेवटी धरला आणि त्याच बादलीत सोडला. थोड्या वेळाने पाण्यावर बारीक फेस दिसला. मला वाटलं, हवेच्या नळीचा असेल. रंगाऱ्याशी बोलून परत आले तेव्हा क्लाऊनफिश आडवे झाले होते. घाईघाईने पाणी बदललं, पण उपयोग झाला नाही. संध्याकाळपर्यंत चौघंही गेले. फासा सगळ्यांत शेवटी.

नंतर वाचलं तेव्हा कळलं. हा मासा घाबरला की कातडीतून विषारी चिकट द्रव सोडतो. त्यातल्या विषाला पाहुटॉक्सिन म्हणतात. त्याचा गुण साबणासारखा, फेस करणारा. शेजारच्या माशांना ते मारतं. समुद्रात त्याला खायला आलेला मासा तोंड फिरवून निघून जातो आणि विष अथांग पाण्यात विरून जातं. माझ्या बादलीत ते जाणार कुठे? त्याचं त्यालाच ते सोसलं नाही. ते हत्यार समुद्राच्या मापाचं होतं रे, आणि मी त्याला पंधरा लिटर पाण्यात घाबरवलं.

तू म्हणालास, तुझी टाकी शंभर लिटरची आहे. हा मासा पूर्ण वाढला की 45 सेंटिमीटरपर्यंत जातो, जवळजवळ दीड फूट. पिवळा रंगही तसा राहत नाही, मळकट होत जातो. माझ्या मते पाचशे लिटरच्या खाली त्याचा विचारच करू नये. कोणी आणलाच, तर सोबत पर कुरतडणारे मासे नकोत, फिल्टरमध्ये कार्बन कायम हवा आणि जाळी तर कधीच नको. पाण्यातच डबा बुडवून त्याला हळूहळू आत येऊ द्यायचं, आणि ठेवायचा तो वेगळ्या बादलीत. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. चूक माझीच.

तू ब्रिस्बेनला आहेस. वर ग्रेट बॅरियर रीफवर हा मासा त्याच्या घरी राहतो. सुट्टी काढ, मास्क लाव आणि पाण्यात उतरून बघ. वाळूवर फुंकर मारताना दिसला तर मला लगेच फोन कर, रात्र असली तरी.

दुकानदाराला मात्र आजच नाही म्हणून कळव. आगाऊ पैसे दिले असशील आणि ते बुडणार असतील, तर मी पाठवते.

तुझी,
मावशी