बदामचा सोबती

आमच्या घरात दोन गिनीपिग होते. एकाचे नाव काजू आणि दुसऱ्याचे बदाम. काजू पांढरट, बदाम तपकिरी. दोघे सख्खे भाऊ. 2019 साली माझ्या धाकट्या मुलीने हट्ट करून ते घरी आणले. तेव्हा ते माझ्या मुठीत मावतील एवढे होते.

पुढे दोन वर्षांनी, अम्मी गेल्यानंतर, माझे वडील गाव सोडून आमच्याकडे पुण्याला राहायला आले. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे. पिंजऱ्यातल्या या प्राण्यांचे नाव ऐकताच अब्बांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मी त्यांना समजावले, "अब्बा, हा प्राणी गिनी देशातला नाही आणि डुकराशी तर त्याचे काहीच नाते नाही. उंदीर, खार यांच्यासारखा हा कुरतडणारा प्राणी आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या भागात लोक हजारो वर्षांपासून तो पाळत आले आहेत."

"मग असे नाव कशाला ठेवले?" अब्बांनी विचारले.

"ज्याने ठेवले त्यालाच विचारायला हवे," मी म्हणालो. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे त्यांना नुसते 'गिनी' म्हणू लागले.

काजू आणि बदाम दिवसभर एकमेकांशी काहीतरी बोलत असत. कधी घुर्रर्र, कधी कूंकूं. स्वयंपाकघरात फ्रिजचे दार उघडले की दोघे मिळून "व्हीक, व्हीक" अशी शीळ घालत. कोथिंबीर येणार हे त्यांना ठाऊक असे. आनंद झाला की ते जागच्या जागी उड्या मारत. तव्यावर लाह्या फुटाव्यात तशा त्या उड्या असत. मूळचा पेरू देशाकडचा हा प्राणी पेरूही आवडीने खातो, याची माझ्या मुलीला फार गंमत वाटे.

2022 च्या मे महिन्यात आम्ही सगळे एका लग्नाला महाडला गेलो. सकाळी निघालो आणि संध्याकाळी परतलो. पिंजरा गॅलरीत होता. गॅलरीवर पत्रा होता. सकाळी तिथे सावली असे, म्हणून मी पिंजरा तिथेच राहू दिला. दुपारी ऊन फिरून आत येते, हे मला माहीत असायला हवे होते. गिनीपिगला उष्णता अजिबात सोसत नाही. परत आलो तेव्हा बदाम पाण्याच्या बाटलीजवळ धापा टाकत पडला होता. काजू हलत नव्हता.

मुलीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तिने दिला असता तर बरे झाले असते.

बदाम वाचला. ओले फडके अंगावर ठेवून, पंख्याखाली, थेंब थेंब पाणी पाजून आम्ही त्याला वाचवले. पण त्यानंतर घरातली शीळ थांबली. फ्रिजचे दार उघडे, बंद होई. पिंजऱ्यातून आवाज येत नसे. बदाम कोपऱ्यात तोंड करून बसे. काजू ज्या डब्यात झोपत असे, त्या डब्यात शिरून तो तासन्‌तास बाहेर येत नसे. आम्ही ठरवले, याला जास्त माया लावू. मुलगी शाळेतून आली की त्याला मांडीवर घेई. मीही घेत असे. तो मुकाट्याने बसून राही. पण आम्ही झोपलो, किंवा शाळेला, कचेरीला गेलो की तो पुन्हा एकटाच.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मुलगी दर शुक्रवारी त्याचे वजन करून वहीत लिहीत असे. वहीत आकडा उतरत गेला. 1050 ग्रॅम, 1010, मग 960. आता मात्र मी घाबरलो. त्याला टोपलीत घालून आम्ही प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. अब्बाही बरोबर आले.

डॉक्टरबाईंनी त्याचे दात पाहिले, पोट चाचपले. त्या म्हणाल्या, "आजार दिसत नाही. पण याने खाणे कमी करणे चांगले नाही. गिनीपिगचे पोट सारखे चालू राहावे लागते. ते थांबले तर जिवावर बेतते. सुके गवत भरपूर द्या. 'क' जीवनसत्त्वासाठी ढोबळी मिरची द्या, कारण आपल्यासारखेच त्याच्याही शरीरात ते तयार होत नाही. आणि त्याला सोबती शोधा."

"आम्ही सगळे त्याच्याजवळ असतो," मुलगी म्हणाली.

"तुम्ही असता, बेटा. पण त्याच्या बोलीत बोलणारे कोणी नाही ना! हा कळपात राहणारा जीव आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 पासून गिनीपिग एकटा पाळायला कायद्यानेच मनाई आहे."

परत येताना अब्बा बराच वेळ गप्प होते. मग रिक्षातून बाहेर पाहत म्हणाले, "गावची बोली ऐकून मलाही खूप दिवस झाले."

मी काहीच बोललो नाही. रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितले.

सोबती आणायचा हे ठरले. पण कोणता? शेजारी म्हणाले, "आमचा ससा घेऊन जा." मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी साफ नको म्हटले. सशाची लाथ जोरदार असते. शिवाय सशाला ज्या जंतूंचा काही त्रास होत नाही, त्यांनी गिनीपिगला न्यूमोनिया होऊ शकतो. मग मादी आणावी का? नर आणि मादीचे चांगले जमते, पण दोन-अडीच महिन्यांत पिल्ले होतात आणि ती पिल्ले महिन्याची होत नाहीत तोच नवी काळजी सुरू होते. नराची शस्त्रक्रिया करता येते. पण ती केल्यावरही त्याला पाच-सहा आठवडे मादीपासून वेगळे ठेवावे लागते. आणि वजन उतरलेल्या बदामला भूल देण्याची माझी तर हिंमतच होत नव्हती. तेव्हा दुसरा नरच आणायचा, असे ठरले. दोन नर एकत्र राहतात, मात्र जवळपास मादी नसावी आणि जागा ऐसपैस असावी.

माझ्या एका सहकाऱ्याकडे मोठा नर होता. तो म्हणाला, "चार दिवस ठेवून पाहा." मी त्याला घरी आणले आणि सरळ बदामच्या पिंजऱ्यात सोडले. माझी ही दुसरी मोठी चूक. बदामच्या दृष्टीने त्याच्या घरात, काजूच्या जागेवर, एक परका घुसला होता. दोघांच्या मानेवरचे केस उभे राहिले. दात कडकड वाजू लागले. पुढच्या क्षणी दोघांचा एकच गोळा झाला. मी मूर्खासारखा मध्ये हात घातला. माझे बोट फाटले आणि पाहुण्याच्या कानातून रक्त आले. पत्नीने जाड टॉवेल टाकून दोघांना वेगळे केले. मी बोटाला पट्टी बांधून पाहुण्याला त्याच्या घरी पोचवून आलो आणि सहकाऱ्याची माफी मागितली.

यानंतर महिनाभर कोणीच सोबत्याचा विषय काढला नाही. शेवटी अब्बांनीच काढला. "दोन म्हातारे एकदम एका खोलीत कोंडलेस. भांडणार नाहीत तर काय करतील? लहान पोर आण."

डॉक्टरबाईंचेही म्हणणे तेच होते. मोठा नर लहान पिल्लाला सहसा स्वीकारतो, कारण पिल्लू त्याच्याशी बरोबरी करत नाही. त्यांच्याच ओळखीने एका घरातून दीड महिन्याचे पिल्लू मिळाले. ते नर आहे, हे त्यांनी स्वतः तपासून दिले. या बाबतीत अनेकांची फसगत होते. नर म्हणून आणतात आणि दोन महिन्यांनी पिंजऱ्यात पाच जण असतात. पिल्लू काळे-पांढरे होते. इतके लहान, की अब्बांनी त्याचे नाव 'चारोळी' ठेवले.

या वेळी मी घाई केली नाही. चारोळीला दोन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवले. त्याला काही आजार असेल तर तो बदामला लागू नये, म्हणून. आम्ही हात धुऊनच एकाकडून दुसऱ्याकडे जात होतो. मग दोघांचे पिंजरे शेजारी शेजारी आणले. मध्ये चार बोटांचे अंतर. पहिल्या रात्री पिल्लू ओरडले. अंधारात मला बदामचा आवाज ऐकू आला. हळू, घुर्रर्र असा. तीन महिन्यांनी त्याने तोंड उघडले होते.

भेटीचा दिवस रविवार ठरला. जागा दिवाणखाना, कारण ती दोघांपैकी कोणाचीच नव्हती. जमिनीवर धुतलेली चादर घातली. मध्ये सुक्या गवताचा ढीग आणि कोथिंबीर ठेवली. पुठ्ठ्याचे दोन खोके ठेवले. प्रत्येकाला दोन दारे कापली, म्हणजे कोणी कोणाला आत कोंडणार नाही. पाण्याच्या बाटल्याही दोन. मी जाड हातमोजे घालून बसलो. मुलीच्या हातात टॉवेल होता. अब्बा खुर्चीवर घड्याळ घेऊन बसले. घड्याळाची काय गरज होती, कोण जाणे.

बदामने पिल्लाला हुंगले. मग तो घुरघुरत, मागचा भाग डोलवत त्याच्याभोवती फिरू लागला. मुलगी टॉवेल घेऊन उठली. मी तिला थांबवले. डॉक्टरबाईंनी सांगितले होते, हे भांडण नव्हे, घरातला मोठा कोण ते ठरवणे आहे. त्यात मध्ये पडायचे नाही. दात वाजले, अंगावर झेप घेतली, तरच वेगळे करायचे. पण ते डोळ्यांसमोर पाहणे फार कठीण असते. बदामने पिल्लाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवले. पिल्लू चीं चीं करून अंग चोरून बसले. बदाम पुन्हा त्याच्याकडे गेला. माझ्या बोटावरची जुनी जखम आपोआप ठणकू लागली.

आणि मग चारोळीने भलतेच केले. तो पळून खोक्यात लपला नाही. तो सरळ बदामच्या हनुवटीखाली शिरला आणि तिथेच बसला. बदाम गोंधळला. एक पाऊल मागे सरकला. पिल्लूही तेवढेच पुढे सरकले. बदाम थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने मान वळवून गवताची एक काडी ओढली आणि खायला सुरुवात केली. काडीचे दुसरे टोक पिल्लाने धरले.

"सत्तेचाळीस मिनिटे," अब्बा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आम्ही त्यांना तिथेच ठेवले. दरम्यान जुना पिंजरा घासून पुसून काजूचा डबा काढला. तो मुलीने स्वतः काढला आणि कपाटात ठेवला.

सगळे इथेच सुरळीत झाले असे नाही. चारोळी चार-पाच महिन्यांचा झाला आणि त्याला आपणही मोठे झालो असे वाटू लागले. तो बदामसमोर घुरघुरू लागला. दोन-तीनदा दातही वाजले. तेव्हा मी सुताराकडून पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद नवा पिंजरा करून घेतला. दोघांच्या वाट्या दोन टोकांना ठेवल्या. भांडण मिटले, पण रोज सकाळी थोडी कुरकुर होतेच. वहीतला आकडा मात्र 1040 वर गेला. पिंजरा आता घरातल्या सर्वांत थंड भिंतीला आहे. उन्हाळ्यात मी दर दुपारी कचेरीतून फोन करून पंखा चालू आहे का, ते विचारतो.

त्या डिसेंबरात अब्बांना मी गावी घेऊन गेलो. माझे काका तिथे आहेत. दहा दिवसांसाठी म्हणून गेलेले अब्बा दोन महिने राहिले. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे चार-पाच माणसांचा मोठा गलका चालू होता. कोणीतरी मासळीच्या भावावरून आमच्या बोलीत तावातावाने भांडत होते. त्या आवाजातून अब्बा ओरडून विचारत होते, "गिनींचे बोलणे चालू आहे ना?"

मी फोन पिंजऱ्याजवळ नेला आणि मुलीला फ्रिजचे दार उघडायला सांगितले.