रापणीतला साप

घाणेवाडीचा तलाव भरला तरी आम्ही जालन्याची माणसं गाड्या काढून बघायला जातो. तेव्हा मालवणात पोहोचल्यावर आमचं काय झालं असेल, ते सांगत बसत नाही. किल्ला पाहिला, बोटीत बसलो, डॉल्फिन दिसला नाही म्हणून बोटवाल्याशी हुज्जत घातली. सोलकढी मला आवडली नाही आणि पुढेही आवडायची नाही. बाकीचं सगळं दांडीच्या किनाऱ्यावरच्या एका सकाळीपुढे फिकं पडलं.

तिथे रापण लागली होती. होडीतून अर्धगोल सोडलेलं लांबच लांब जाळं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढणारी माणसं. बघत उभं राहण्याची लाज वाटून मीही दोराला हात लावला. तळहात सोलून निघाले, पण मजा आली. जाळं वाळूवर आलं तेव्हा आत बांगडे, पेडवे, मिशाळ शिंगाळे यांची नुसती तडफड चालली होती. एक चपटा, तपकिरी मासा दिसला. पुतण्या त्याच्यावर वाकला, तोच एका म्हाताऱ्या रापणकराने त्याचं मनगट धरलं.

"हात लाव नको रे! वागळी ती. शेपटीक काटो आसा."

मुंबईकर हिलाच पाकट म्हणतात. काट्याला करवतीसारखे दाते असतात आणि त्यावरच्या आवरणात विष. वागळी उथळ पाण्यात वाळू अंगावर घेऊन पडून राहते. पाय पडला की शेपटी उसळते. 2013 साली गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाचे गणपती विसर्जित करताना अनेक भक्तांचे पाय असेच फुटले होते. म्हाताऱ्याने कोयतीने शेपूट छाटली आणि वागळी टोपलीत टाकली. तिचं तिखलं फार चांगलं होतं म्हणे. शिंगाळेही त्याने जपूनच उचलले, कारण त्यांच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या काट्यांतही विष असतं.

मग जाळ्याच्या तळाशी काहीतरी वळवळलं. करडा, जाडसर साप, शेपूट वल्ह्यासारखी चपटी. मी चार पावलं मागे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या धाकात आमचं शेत चालतं. रात्री पाणी द्यायला जाताना काठी आपटतच जायचं, हे रक्तात भिनलेलं. आणि इथे एका पोराने तो साप शेपटीला धरून लाटेत भिरकावला!

"शिंगाळ्यांच्या मागे येता तो सोरप," म्हातारा म्हणाला. "खोडी काढलास तर चावतलो, नायतर नाय."

त्याचा बेफिकीरपणा मला मुळीच पटला नाही. समुद्रसापाचा दंश बरेचदा दुखतही नाही. काही तासांनी अंग आखडतं, स्नायू झिजू लागतात, लघवी काळपट होते. आणि आपल्या दवाखान्यांतली सर्पदंशावरची लस त्या चौघांसाठीच बनवलेली आहे. समुद्रसाप तिच्यात नाही. मालवणच्या जाळ्यांत नेहमी सापडणारा एक साप म्हणजे खाली वाकलेल्या चोचीचा, शिंगाळे खाणारा. ऑस्ट्रेलियात समुद्रसापावरची लस तयार झाली ती याच जातीच्या विषापासून. साप आमच्या जाळ्यात, औषध तिकडे! दोर ओढणाऱ्यांच्या वाट्याला हेही येतं, याचा मला सकाळभर राग येत राहिला.

दोर ओढल्याचा वाटा म्हणून मलाही बांगडे मिळाले. खानावळवाल्या ताईंनी ते तळून दिले. असा बांगडा मी जालन्यात कधी खाल्लेला नाही.

तुम्ही मालवणला गेलात आणि रापण लागलेली दिसली तर दोर जरूर ओढा. जाळ्यात हात मात्र रापणकरांनाच घालू द्या. पाण्यात शिरताना पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत न्या, म्हणजे वागळी आधीच निघून जाते. तरीही काटा लागलाच, तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, वेदना कमी होतात. आणि मग थेट डॉक्टरकडे जा.